जुन्नरचे मणी, कराचीची गाठ

जुन्नर
९ जून २०२५

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस. हल्ली टपालाने येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं, असा लोकांचा समज झालाय. हे दोन्हींपैकी नाही. तुझ्या वडिलांचा दोस्त आणि घोडेगावच्या पोस्टातला जुना साहेब अजून हाताने लिहितो, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या तालिबच्या लेकीचं, महेकचं लग्न ठरलं. मुलगा नारायणगावचा, औषधांच्या कंपनीत आहे. तारीख एकवीस डिसेंबर. तू यायचंच.

आता अडचण सांगतो. तुझ्या चाचीच्या, बिबिजानच्या माहेरी रीत अशी, की नवरीची काळी पोत बाजारातून आणायची नाही. घराण्यातली सगळ्यांत वडील बाई ती ओवते. प्रत्येक मण्यामागे एक गाठ मारते आणि गाठीगणिक दुवा म्हणते. सोन्याचे मणी मागाहून सोनार घालतो. आता वडील म्हणजे जैनबआपा, बिबिजानची थोरली बहीण. लग्न होऊन ती कराचीला गेली त्याला पन्नास वर्षं होत आली. बिबिजान शेवटची तिकडे गेली तेव्हा महेक चौथीत होती. जाताना ती इथल्या कासाराकडून मणी घेऊन गेली आणि आपाच्या हातात ठेवून म्हणाली, "महेकची वेळ आली की ओवून धाड."

वेळ आली आणि टपाल बंद झालं. एप्रिलात जे झालं ते फार वाईट झालं, निरपराध माणसं गेली, त्यावर मी काय बोलावं. पण तेव्हापासून तिकडचं पाकीट इकडे येत नाही. तालिबचं मंचरला कांद्याच्या बारदानाचं दुकान आहे. येणारं-जाणारं गिऱ्हाईक चार वाकडे शब्द टाकतं. त्याने घरातल्या सगळ्या फोनमधून कराचीचे नंबर पुसले आणि मला म्हणाला, "अब्बा, मला इथं धंदा करायचाय." त्याचंही चुकत नाही.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, की जगातल्या देशांनी टपालासाठी करार केलाय आणि त्या करारापुरती सगळी पृथ्वी एकच मुलूख आहे. मी ते खरं धरून नोकरी केली. डिंभ्याच्या धरणात गावं गेली तेव्हा त्या गावांच्या नावाने पत्रं येतच राहिली, आणि आमचा पोस्टमन, तुझा बाप सावळाराम, माणसं कुठे उठून गेली ते शोधत सायकल हाणायचा. बुडालेल्या गावाचं पत्र आम्ही पोचवलं. कराचीचं घर तर उभं आहे.

तू काठमांडूत आठ देशांच्या कचेरीत बसतेस, त्यात आपणही आहोत आणि तेही. आपाने पोत तुझ्याकडे पाठवली आणि तू इकडे पाठवलीस तर जमेल का? आपाच्या घरचा नंबर माझ्याकडे जुन्या डायरीत आहे, खाली लिहितो. आणि जमलंच तर तुमच्या बैठकीत हा टपालाचा विषयही काढ.

तुझा,
हनीफचाचा


काठमांडू
२ जुलै २०२५

ती. हनीफचाचांस सलाम व नमस्कार.

तुमचं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि ते फोडण्याआधी चहा करून घेतला. आबांचं पत्र यायचं तेव्हाही मी असंच करायचे.

आधी तुमचा एक गैरसमज काढते. आमच्या कचेरीत बैठक होत नाही, चाचा. आठ देशांच्या प्रमुखांची शेवटची मोठी परिषद इथेच झाली, त्याला दहा वर्षं उलटली. पुढची कुठे आणि कधी यावर एकमत नाही, आणि आमच्याकडे एकमताशिवाय काही करायचं नाही असा नियम आहे. माझं काम सभागृह तयार ठेवण्याचं. आठ खुर्च्या, आठ नावांच्या पाट्या, आठ झेंडे. झेंडे धुवायला पाठवते, ते इस्त्री होऊन येतात, परत लावते. माईक चालतात का ते बघायला मी स्वतःच "हॅलो, हॅलो" म्हणते. आईला वाटतं मी देश चालवते. तुम्हीही तसंच धरून चाललात म्हणून सांगितलं.

पण पोत मागवायला परिषद लागत नाही. कराचीचं टपाल इथे येतं. मी लगेच फोन लावला. सुनेने उचलला आणि मग जैनबआपांच्या हातात दिला. मी जुन्नरकडची, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "गडावर आवंदा गवत वाळलं का हिरवं हाय अजून?" पन्नास वर्षं कराचीत राहून अशी मराठी. मला हसू आलं आणि रडूही आलं. पोत ओवायला घेते म्हणाल्या. आवाज जरा थकलेला वाटला, पण वयच तसं आहे.

चाचींना सांगा, पोत येईल.

तुमची,
वृषाली


जुन्नर
२१ जुलै २०२५

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बिबिजानला वाचून दाखवलं. गडावरच्या गवताचं वाक्य तिने पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. मग उठून गच्चीत गेली आणि शिवनेरीकडे बघून आली. "हिरवं हाय म्हणून कळव तिला," म्हणाली. तेव्हा कळव.

तुझ्या झेंड्यांचं वाचून मी हसलो. पण बाई, बैठक नाही म्हणून काय झालं? कचेरी उघडी आहे ना? कचेरी उघडी असली की काम होतं, असा माझा अनुभव. मी तर स्वित्झर्लंडलाही पत्र धाडलंय, जिथे जगाच्या टपालाचं मुख्य ऑफिस आहे. लिहिलं की मी आपला एक जुना सेवक, आणि दोन बहिणींमधलं टपाल थांबलंय, तरी लक्ष घालावं. तालिब म्हणतो, "अब्बा, तिथं कोण वाचणार?" मी म्हटलं, पोस्टातली माणसं पत्र वाचत नाहीत, पोचवतात. तो डोक्याला हात लावून दुकानाकडे गेला.

महेकला पोतीचं एवढं काही नाही. ती म्हणते, "दादी, मंचरला दहा डिझाइनं मिळतात." तेव्हा बिबिजान तिला म्हणाली, "पोत तुझी न्हाई गं. पोत माझी हाय, तू नुसती घालायची." पोरगी हसून "बरं दादी" म्हणाली. मला मात्र नीट कळलं. बिबिजानला व्हिसा मिळायचा नाही, आपाला तर नाहीच. दोघींची भेट संपली. आता आपाच्या हाताचं काही घरात आलं तर तीच भेट.

तुझा,
हनीफचाचा


काठमांडू
२९ ऑगस्ट २०२५

ती. हनीफचाचांस सलाम व नमस्कार.

पोत आली. पावडरच्या डब्यात, मऊ मलमलीत गुंडाळून. फार सुंदर आहे. एका टोकाच्या गाठी थरथरत्या हाताच्या वाटतात, पण निम्म्याच्या पुढे त्या एकसारख्या घट्ट बसल्यात. ओवता ओवता म्हातारीचा हात बसलेला दिसतो.

आज ती मी जुन्नरला रवाना केली, आणि चाचा, आमच्या कचेरीने बऱ्याच वर्षांत पहिला निर्णय घेतला. त्याचं असं झालं. पार्सलवर माल मूळ कुठला ते लिहावं लागतं. तिकडच्या देशाचा माल आपल्याकडे यायला बंदी आहे, दुसऱ्या देशातून फिरून आला तरीही. मग ही पोत कुठली? आमच्याकडे व्यापाराच्या करारांचं काम बघणारे कोलंबोचे एक गृहस्थ आहेत. ज्या करारांवर कोणी चालत नाही त्यांचे नियम त्यांना तोंडपाठ आहेत. ते म्हणाले, नुसतं ओवल्याने वस्तूचं मूळ बदलत नाही. ढाक्याच्या बाई म्हणाल्या, दोरा कराचीचा आहे, त्याचं काय? मग दोऱ्यावर चहाचे दोन कप झाले. शेवटी सर्वांनी मान्य केलं, की मणी जुन्नरचे, म्हणून पोत जुन्नरची. एकमताने.

मी पार्सलवर तसंच लिहिलंय: मूळ जुन्नर, फक्त ओवणी कराचीची. सोबत दोन पानांची टिप्पणी जोडली, नियमांच्या कलमांसकट. कोणाला शंकेला जागाच ठेवली नाही.

कळवत राहा.

तुमची,
वृषाली


जुन्नर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात काठमांडूत जाळपोळ झाली ती टीव्हीवर बघून तुझ्या आईचा, साळुबाईचा जीव टांगणीला लागला होता. तू सुखरूप असल्याचा फोन तिला आला हे तिने एसटीच्या कंडक्टरबरोबर मला कळवलं. डिंभ्याची एसटी वेळेवर नसते, पण निरोप पोचवते.

आता पोतीचं. पार्सल मुंबईला कस्टममध्ये अडकलं. मला चिठ्ठी आली, म्हणून मी स्वतः गेलो. कोट घातला होता. तिथला अधिकारी तालिबपेक्षाही लहान, सोलापूरकडचा. मी पोस्टातला म्हटल्यावर उठून खुर्ची दिली, चहा मागवला. तुझी दोन पानं त्याने माझ्यासमोर सबंध वाचली. मग हात जोडले आणि म्हणाला, "काका, नुसतं 'मणी' लिहिलं असतं तर मी उघडूनसुद्धा बघितलं नसतं. आता यात कराची लिहिलंय. मी वाचलंय. वाचलेलं न वाचल्यासारखं कसं करू?"

वृषाली, मी त्याच्या जागी असतो तरी हेच केलं असतं. मला रागही आला नाही. त्याने पार्सल माझ्यासमोर ठेवलं होतं. हात लांब केला असता तर लागलं असतं. पण टपालाला असा हात लावायचा नाही, हे मीच किती पोरांना शिकवलंय.

ते तुझ्याकडे परत पाठवणार आहेत. तू मनाला लावून घेऊ नकोस. खरं लिहिलंस, तुझ्या बापानेही तेच लिहिलं असतं. स्वित्झर्लंडचंही उत्तर आलं. पत्र मिळालं म्हणतात, भावना समजल्या म्हणतात, आणि असे निर्णय ज्या त्या देशाचे असतात, तरी आपल्या देशाकडे विचारणा करावी असं सुचवतात. कागद फार छान आहे.

बिबिजानला मी सांगितलंय की पार्सल वाटेत आहे. ते खोटंही नाही.

तुझा,
हनीफचाचा


काठमांडू
५ नोव्हेंबर २०२५

ती. हनीफचाचांस सलाम व नमस्कार.

पार्सल परत आलं. माझ्या टेबलावर आहे. त्यावर इतके शिक्के आहेत की पत्ता दिसत नाही. कोलंबोचे गृहस्थ येऊन बघून गेले आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

दुसरी गोष्ट लिहायला हात होत नाही. जैनबआपा गेल्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. सुनेने फोन करून सांगितलं. त्यांची किडनी गेली होती, डायलिसिस चालू होतं. जुलैत मी पहिला फोन केला तेव्हाच सुनेने मला सांगितलं होतं आणि शपथ घातली होती, की जुन्नरला कळू देऊ नका. मी तुम्हाला "आवाज थकलेला" एवढंच लिहिलं. चाचींना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.

आणखी एक आहे, तेही सांगते. सून म्हणाली, आता आमच्याकडे काही पाठवू नका, इकडून तिकडून फिरवूनही नको. मुलगा सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसलाय. हिंदुस्थानात कोण आहे, म्हणून विचारायला माणसं येऊन गेली. ती हात जोडून बोलत होती हे मला फोनवरही कळलं. तिने तिच्या फोनमधून माझा नंबर पुसला असणार. तालिबभाईंसारखाच.

राहिली पोत. चाचा, मी डिसेंबरात लग्नाला येणारच आहे. मराठी बाईच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे विमानतळावर कोण बघणार? गोरखपासून वेगळी झाले तेव्हापासून माझा गळा मोकळाच आहे, जागा आहे. मी नियमांच्या कचेरीत पोट भरते, तेव्हा हे नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे. नियमात बसणारं करून पाहिलं. फक्त एक शंका आहे. नवरीआधी दुसरीने पोत घातलेली तुमच्यात चालते का? आणि ती दुसरी माझ्यासारखी, मोडलेल्या संसाराची असली तर?

तुमची,
वृषाली


जुन्नर
२२ नोव्हेंबर २०२५

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी दुपारभर बाहेरच बसून राहिलो. बिबिजानने विचारलं तर म्हटलं, पाठ धरली आहे. आपाचं तिला लग्न होईपर्यंत सांगत नाही. घरात मेहंदीचं सामान येऊन पडलंय, त्यात ही बातमी कुठे ठेवू?

पोतीचं मात्र विचारलं. ती जरा विचार करून म्हणाली, "नवरीआधी घालत न्हाईत, खरं हाय. पण माझी पोत दादीनं ओवली तवा आधी आपाच्या गळ्यात घालून बघितली व्हती, लांबी बघायला. वृषालीला म्हणावं, तू बी लांबीच बघ." आणि तुझ्या संसाराचं मी काढलंच नव्हतं, तरी पुढे म्हणाली, "सावळाभाऊची पोर हाय ती. तिच्या गळ्याला काय झालंय?"

तेव्हा लांबी बघत ये.

तुझा,
हनीफचाचा


काठमांडू
५ जानेवारी २०२६

ती. हनीफचाचांस सलाम व नमस्कार.

लग्नाच्या गडबडीत तुमच्याशी निवांत बोलणं झालंच नाही, म्हणून लिहिते.

दिल्लीला कस्टमच्या माणसाने माझी बॅग उघडली. लोकरी शाल उलगडली, चहाची पुडी हुंगली आणि "जाइए मॅडम" म्हणाला. गळ्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. जगाच्या टपालाला, आमच्या आठ देशांना आणि दोन पानांच्या टिप्पणीला जे जमलं नाही ते असं झालं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मी आधी डिंभ्याला गेले. पोत काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. आईने मला दारातच पाहिलं, गळ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन भाकरीचा तुकडा आणून माझ्यावरून ओवाळून टाकला. म्हणाली, "कवा केलंस गं? आमाला सांगितलं पन न्हाईस. ऱ्हाऊ दे. माणूस बरा हाय ना?" इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मला सांगावं लागलं की ही महेकची आहे, मी नुसती पोचवतेय. ती चुलीकडे वळली. लाकूड आत सारत म्हणाली, "असू दे. तेवढंच दोन घटका बरं वाटलं."

तुमच्या घरी चाचींनी पोत हातात घेतली, डोळे मिटून बोटं फिरवली आणि "आपाचा हात हाय," म्हणाल्या. ते ऐकून मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट नीट झाली. त्या समाधानात मी परत आले. आता तुम्ही त्यांना कधी सांगणार ते कळवा. मला त्याची धास्ती आहे.

तुमची,
वृषाली


जुन्नर
३० जानेवारी २०२६

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

पाहुणे गेले, मांडव निघाला, महेक नारायणगावला नांदायला गेली. मग एका सकाळी मी बिबिजानजवळ बसलो. कसं काढावं याची जुळवाजुळव मनात करत होतो. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आपा गेली ना?"

मी विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाली, "पोतीनं. निम्म्यापर्यंत आपा हाय. थरथरतीय, पण आपाच हाय. पुढं दुसरीच बाई हाय. गाठी चांगल्या घट्ट हायेत, पण तिच्या न्हाईत. आपानं मधी कुणाच्या हातात दिली नसती. हात चालंना झाला तवाच दिली असंल."

म्हणजे तुला जो हात बसल्यासारखा वाटला तो आपाच्या सुनेचा. मी विचारलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस? म्हणाली, "लगीन व्हतं. तुमी बी बोलला न्हाई." मग तांदूळ बाजूला ठेवून रडली. एवढे दिवस आम्ही दोघं एकाच घरात एकच बातमी एकमेकांपासून लपवून वावरत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला पत्र लिहायला बसवलं, आपाच्या सुनेला. मजकूर तिचा, अक्षर माझं. लिहिलंय, की बाई, तुझ्या गाठी नीट आल्यात, महेकच्या गळ्यात शोभतात. आता घराण्यात वडील मी. तुझ्या दोन्ही पोरींच्या पोती मी ओवून पाठवीन, बाजारातून घेऊ नकोस.

त्या सुनेने काही पाठवू नका म्हणून हात जोडलेत, हे मी बिबिजानला सांगू शकलो नाही. पाकीट घेऊन पोस्टात गेलो. काउंटरवर बाळासाहेब होता, माझ्याच हाताखाली शिकलेला. पत्ता वाचून म्हणाला, "साहेब, हे घेता येत नाय. घेतलं तरी पुढं जायाचं नाय." मी म्हटलं, ठाऊक आहे, तू तिकिटांवर शिक्का तेवढा मार. त्याने इकडेतिकडे बघितलं, तारखेचा शिक्का नीट मधोमध मारला, आणि पाकीट पुन्हा माझ्याच हातात दिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत शिक्का मारलेलं पत्र परत हातात घेऊन मी पहिल्यांदाच पोस्टाबाहेर पडलो.

ते पाकीट सोबत पाठवतोय. तू पुढे धाडायचं नाहीस, त्या बाईच्या मुलाचं नुकसान व्हायला नको. तुमच्या सभागृहात त्या देशाची खुर्ची आहे ना, तिच्यासमोर मेजावर ठेव. धूळ पुसताना उचल आणि परत तिथेच ठेव. कधी बैठक भरलीच तर जो कोणी येऊन बसेल त्याच्या हाती पडेल.

बिबिजानला मी सांगितलंय की पत्र गेलं. तिने नव्या पोतींसाठी दोरा काढून ठेवलाय आणि मला कासाराकडे मणी आणायला सांगितलंय, दोन पोरींचे. उद्या जातो.

तुझा,
हनीफचाचा